आता डावीकडे बघा

१

मार्चातल्या एका शनिवारी साडेनऊच्या गाडीने सेत्तातच्या बारा निवृत्त शिक्षिका माराकेशला उतरल्या, तेव्हा बतूल स्टेशनच्या दाराशी हात वर करून उभी होती. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. पाहुण्यांना उतरवून घ्यायचं, सकाळी बागा, मधे जेवण, दुपारी महाल, संध्याकाळी परत स्टेशन. झोपेतून उठवून कुणी विचारलं असतं तरी कुठल्या चौकात किती खांब, हे तिने न अडखळता सांगितलं असतं.

यंदा फरक एकच होता. तिचा घसा बसला होता. थंडी पडायला लागली तेव्हापासून आवाज चिरकायला लागला आणि फेब्रुवारीत डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणाले. ओरडणं बंद, नाहीतर आवाज कायमचा जाईल. आवाज गेला तर बतूलपाशी उरणार काय होतं? नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि दुसरी कुठली कला तिला येत नव्हती. म्हणून कंपनीने हे नवं यंत्र दिलं होतं. तिच्या कॉलरला इवलासा माइक, कमरेला एक डबी, आणि प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यात एक रिसीव्हर. कुजबुजलं तरी सगळ्यांच्या कानात.

बसमध्ये तिने रिसीव्हर वाटले. अकरा जणींनी कानात घातले. बारावी, हज करून आलेली हाज्जा तामू, सगळ्यांत वयस्कर. तिने तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत दिला.

“मला नको, पोरी. माझ्या कानात आधीच एक यंत्र आहे. दोन यंत्रं एकमेकांशी भांडतात आणि शिट्ट्या मारतात. मी आपली तुझ्याजवळ चालेन.”

“हाज्जा, माझा आवाज बसलाय हो.”

“माझा कान बसलाय. जमेल आपलं.”

बस हसली. झुबिदा उस्तादा, एकेकाळच्या मुख्याध्यापिका, पुढच्या सीटवरून मागे वळल्या. “गडबड नको, मुलींनो,” त्या म्हणाल्या, आणि साठी उलटलेल्या त्या मुली खरंच गप्प झाल्या.

पहिला थांबा मेनाराचा तलाव. तपकिरी पाणी, काठावरचा हिरव्या कौलांचा बंगला, पलीकडे ऑलिव्हची झाडं आणि त्यांच्या डोक्यावर अ‍ॅटलासचा बर्फ. बतूलने चार वाक्यांत तलाव सांगितला, माइक चालू तसाच ठेवून बाटली तोंडाला लावली आणि घोट घोट पाणी प्यायली.

तेवढ्यात अकरा जणी एकदम हसल्या.

एकमेकींकडे बघून नव्हे. सगळ्यांचे चेहरे बंगल्याच्या छताकडे वर होते, आणि हसू एकाच क्षणी फुटलं होतं, वर्गात बाईंनी विनोद केल्यावर फुटतं तसं.

“काय झालं गं यांना?” हाज्जा तामूने विचारलं. “तू काही बोललीस?”

“नाही हाज्जा. पाणी पीत होते.”

“मग मला ऐकू आलं नाही ते बरोबर होतं तर,” म्हातारी समाधानाने म्हणाली.

२

आगदालच्या बागेत नारिंगीला फुलं आली होती. वास इतका दाट होता की बायका बोलता बोलता थांबून नुसता श्वास घेत होत्या. झुबिदा उस्तादा बतूलच्या शेजारून चालायला लागल्या.

“लल्ला बतूल,” त्या अदबीने म्हणाल्या, “तुमची ती छत रंगवणाऱ्याची गोष्ट फारच छान. चौदा वर्षं उताणा पडून काम केलं, आणि घरी गेल्यावर बायकोशीसुद्धा वर बघूनच बोलायचा! मी माझ्या नातवाला सांगणार आहे.”

बतूलच्या पावलाची लय चुकली.

ती गोष्ट तिचीच होती. अगदी तिचीच, कारण तिने ती स्वतः रचली होती, धंद्यातल्या पहिल्या वर्षी, पाहुणे कंटाळलेले दिसले म्हणून. एका म्हाताऱ्या वाटाड्याने ती ऐकली आणि सगळ्यांदेखत तिला झापलं होतं, बाई, दगडांबद्दल खोटं बोलू नये. त्यानंतर तिने ती पुन्हा कधीच सांगितली नव्हती. त्याला वीस वर्षं उलटली होती.

“मी सांगितली?” तिने विचारलं.

“मग कोणी?” उस्तादा हसल्या. “किती खुलवून सांगितलीत. घसा बसलाय म्हणता, पण कानात तर तुमचा आवाज अगदी स्वच्छ येतो हो. मुलीसारखा.”

बतूलने मनाशी सरळ हिशेब मांडला. बावीस वर्षं तीच वाक्यं जिभेवर घोळलेली. जीभ कधी कधी आपली आपण चालत असेल. आपल्याला वाटतं आपण पाणी पितोय, आणि तोंड जुनी गोष्ट सांगून मोकळं होतं. माणसं झोपेत नाही का बोलत? गोळ्याही चालू आहेत. पण हाज्जा तामू तिच्या कोपराला धरून उभी होती आणि हाज्जाने काही ऐकलं नव्हतं.

हाज्जा बहिरी आहे, बतूलने स्वतःला बजावलं. आणि मग लगेच आठवलं की तलाव कोणत्या राजाच्या वेळचा, हे हाज्जाने बरोबर ऐकलं होतं आणि वर दोन प्रश्नही विचारले होते.

३

जेवायला मसूर, भाजलेलं मांस आणि पुदिन्याचा चहा होता. बायका टेबलावर होत्या तेव्हा बतूलने कमरेची डबी काढून जिलालीपुढे ठेवली. जिलाली बस चालवायचा आणि यंत्रातलं त्याला थोडंफार कळायचं.

“सी जिलाली,” तिने अदबीने विचारलं, “याच्यात दुसऱ्या कुणाचा आवाज घुसतो का?”

“घुसेल की. गावात आज दहा गट फिरतायत. एकाच चॅनेलवर दोघं आले की खिचडी होते.” त्याने बटणं दाबली. “हे बघा, बदललं. आता चोवीस नंबर. तो कुणी वापरत नाही.”

“माझ्याच आवाजात घुसेल?”

जिलालीने डबी बंद केली. “लल्ला, दोन महिने सुट्टी घ्या. घशाला आराम आणि डोक्यालाही.”

“सुट्टीत खाऊ काय, तुमची बस?”

“तिचे टायर चिवट आहेत,” तो म्हणाला, आणि तिला हसू आलं. बरं वाटलं. दुसरा वाटाड्या, दुसरं चॅनेल, खिचडी. इतकं साधं होतं ते. कुणी नवखी पोरगी असेल, आपली जुनी गोष्ट कुणाकडून तरी ऐकलेली, आवाज थोडासा सारखा. तिने चहाचा पेला संपवला आणि उरलेली साखर बोटाने चाटली, कितीतरी दिवसांनी.

टेबलावरून झुबिदा उस्तादांचा आवाज आला. “उठा, मुलींनो. लल्ला बतूल म्हणतायत, निघायची वेळ झाली.”

अकरा जणी खुर्च्या सरकवून उठल्या. रिसीव्हर सगळ्यांच्या कानातच होते. डबी अजून जिलालीच्या हातात होती, आणि तिच्यावरचा हिरवा दिवा विझलेला होता.

४

यामना महाल आत शिरताना लहान वाटतो. अरुंद दार, काळोखी वळण, मग एक चौक, मग दुसरा, आणि प्रत्येक चौकातून तीन-तीन खोल्या निघतात. देवदाराची छतं, पायाखाली थंड फरशी, भिंतींवर माणसाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी. आवाज इथे विचित्र वागतो. शेजारचं कुजबुजणं हरवतं आणि लांबच्या चौकातली चप्पल कानाशी वाजते. बतूलला हे नेहमीचंच होतं. आज मात्र ती प्रत्येक चपलेला वळून बघत होती.

दारातच तिने ठरवलं होतं की यंत्र बंद ठेवायचं. घसा फाटला तर फाटो. डबी तिने पिशवीत टाकली.

“रिसीव्हर काढा सगळ्यांनी,” ती म्हणाली. “इथे मी अशीच बोलेन. जवळ या.”

कुणी काढले नाहीत. तिने पुन्हा सांगितलं. चिरकलेला आवाज भिंतीला लागून पडला. अकरा जणी तिच्याकडे बघून हसल्या, ओळखीच्या बाईकडे बघून हसावं तसं, आणि पुढे गेल्या. पहिल्या चौकात कारंज्याभोवती थांबल्या. माना एकत्र वर गेल्या, एकत्र खाली आल्या. दोघींनी वाकून कारंज्याच्या काठावरून बोट फिरवलं. कुणीतरी सांगितल्यासारखं.

“या कुठे निघाल्या?” हाज्जा तामू म्हणाली. “आणि तू इथे का उभी?”

“हाज्जा, तुमचा तो रिसीव्हर. सकाळी परत दिला होतात तो.” बतूल पिशवीत चाचपत होती. “मला ऐकायचंय एकदा.”

तिने तो कानात घातला.

पहिल्यांदा नुसता श्वास. वाक्य सुरू करण्यापूर्वी ती घ्यायची तसा छोटा, वरच्या वर घेतलेला श्वास. तिच्या आईला तो आवडायचा नाही. आणि मग तिचा आवाज. आजचा नव्हे. दहा वर्षांपूर्वीचा, भरलेला, गोल, ज्या आवाजावर पाहुणे पुढच्या वर्षी पत्र लिहून तिलाच मागायचे तो.

“…सावकाश या. फरशी गुळगुळीत आहे. आता आपण मागच्या लहान चौकात जाऊ. एरवी तिथे कुणाला नेत नाहीत.”

बतूलने कान झाकला, उघडला. जवळ कुणी वाटाड्या नव्हता. पलीकडच्या कमानीखाली स्पॅनिश माणसांचा एक गट होता आणि त्यांचा माणूस स्पॅनिशमध्येच खेकसत होता. हा आवाज तिची भाषा बोलत होता, तिच्या आजोळच्या हेलासकट.

खोटं आहे, तिने ठरवलं. कुणीतरी आपलं बोलणं कधीतरी टेप केलं असेल. हल्ली काहीही होतं. पण टेपला फरशी गुळगुळीत आहे हे कसं कळलं? आजच सकाळी धुतलेली, अजून ओली.

अकरा जणी डावीकडच्या बोळात वळल्या. बतूल हाज्जाचा हात धरून त्यांच्या मागे निघाली. धावता येत नव्हतं. म्हातारीची काठी टक टक करत फरशीवर वाजत होती आणि त्या टक टकीच्या मधून आवाज शांतपणे बोलत होता.

५

लहान चौक रिकामा होता.

चार नारिंगीची झाडं, मधे सुकलेलं कारंजं, एका बाजूला अल्लाल पहारेकऱ्याची खुर्ची आणि तिच्यावर झोपलेलं मांजर. डाव्या भिंतीत एकच दार, आणि दाराशेजारी लाकडी जाळीची रुंद खिडकी. दाराला कुलूप होतं. ते तसंच असायचं. आत अल्लालचे झाडू आणि मोडक्या खुर्च्या असायच्या, हे बतूलला माहीत होतं. त्या बोळातून दुसरीकडे जायला वाट नव्हती.

“कुठे गेल्या गं?” हाज्जा तामू कुजबुजली.

कानात आवाज आला. “इथे थांबू या. जागा कमी आहे, जरा खेटून उभ्या राहा. हं. या चौकाची गोष्ट अगदी साधी आहे. इथे एक बाई उभी राहायची. लोकांना हे घर दाखवायची. आवाज चांगला होता तिचा, असं म्हणतात.”

बतूल चौकाच्या मधोमध उभी होती. तिला हलायचं होतं, पण कुठे ते सुचत नव्हतं.

“पुढे तिचा आवाज बसला. तरी ती यायची. लोक तिच्याशेजारून जायचे आणि ती सांगत राहायची. आपलं कुणी ऐकत नाही, हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. आता डावीकडे बघा.”

जाळीमागे हालचाल झाली.

आधी तिला नुसते डोळे दिसले. मग गाल, चष्मे, झुबिदा उस्तादांचा करडा रुमाल. अकरा चेहरे जाळीला लागलेले, एकमेकांत दाटलेले, आणि सगळे तिच्याकडे बघत होते. ओळखीने नव्हे. कारंज्याकडे, छताकडे, खांबाकडे बघतात तसं. मन लावून, थोडं कौतुकाने, थोडं थकून. एकीने जाळीच्या भोकाला फोन टेकवला आणि फोटो काढला.

“अजून उभी आहे,” आवाज म्हणाला. “घाबरू नका. ती बोलत नाही.”

बतूलने तोंड उघडलं. घशातून वारा आला, शब्द आला नाही.

“प्रयत्न करते कधी कधी.”

जाळीमागे कुणीतरी च्‌ च्‌ केलं. आणि मग बतूलला दिसलं. अकरा डोक्यांच्या मागे, खोलीच्या अंधारात, एक हात वर झाला होता. गट हरवू नये म्हणून वाटाडी बाई वर धरते तसा. तळवा पुढे, बोटं जरा वाकलेली. मनगटापर्यंतच दिसला.

“झुबिदा!” हाज्जा तामू गरजली.

म्हातारी पुढे गेली होती. तिला आवाज ऐकू येत नव्हता, हात दिसला होता की नाही ते तिने पुढेही कधी सांगितलं नाही. तिला दिसत होत्या त्या जाळीमागे कोंबलेल्या तिच्या मैत्रिणी आणि चौकात पांढरी फटक पडलेली एक पोरगी. तिने काठी जाळीवर आपटली. कुणी दचकलंसुद्धा नाही. मग तिने दोन बोटं भोकातून आत घातली, झुबिदा उस्तादांच्या रिसीव्हरची वायर पकडली आणि हिसडा दिला.

उस्तादांनी डोळे मिचकावले. “हाज्जा? काय झालं? ओरडतेस का?”

बतूलच्या कानातला आवाज वाक्याच्या मधेच तुटला.

मांजर खुर्चीवरून उडी मारून गेलं. अल्लाल किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत धावत आला, कुलपाकडे बघितलं, जाळीतल्या बायकांकडे बघितलं, आणि “या अल्लाह, मी सकाळपासून हे उघडलंच नाही हो,” असं म्हणत त्याने कुलूप काढून दार उघडलं.

अकरा जणी बाहेर आल्या. खांद्यांवर धूळ, एकीच्या केसांत झाडूची काडी. चेहरे मात्र प्रसन्न. “किती सुंदर खोली,” एक म्हणाली. बतूल त्यांच्यामधून वाट काढत दारात गेली. झाडू, बादल्या, तीन पायांची खुर्ची, समोर भिंत. तिने भिंतीला हात लावून पाहिला. भिंतच होती.

६

परतीच्या वाटेवर तिने सगळे रिसीव्हर गोळा केले, पिशवीला गाठ मारली आणि ती जिलालीच्या बसच्या डिकीत टाकली. मग ड्रायव्हरशेजारी उभी राहून ती बोलत सुटली. घसा सोलवटून निघत होता तरी थांबली नाही. शहराच्या भिंती, करकोच्यांची घरटी, गुलाबपाण्याचं दुकान, सुचेल ते. बायका सभ्यपणे ऐकत होत्या, कान पुढे करून, मधे मधे एकमेकींना विचारत, काय म्हणाल्या? बतूलला त्याचं काही वाटलं नाही. हा आवाज फाटका होता, पण कुठून निघतोय ते तिला कळत होतं.

“बस कर आता,” हाज्जा तामू म्हणाली. “रक्त येईल.”

“बोलू द्या, हाज्जा.”

सहाला दहा कमी असताना सगळ्या फलाटावर होत्या. ऊन अजून भिंतीवर होतं. गाडी लागलेली होती, आणि बायका पिशव्या आणि नारिंगी सावरत एकेक करून बतूलच्या गालाला गाल लावत होत्या. दिवस संपला, ती मनात म्हणत होती. गाडी सुटली की उद्या कंपनीला सांगून टाकायचं, दोन महिने मी येणार नाही.

झुबिदा उस्तादा शेवटी आल्या.

“लल्ला बतूल, एक विचारू? ती महालातली गोष्ट अर्धीच राहिली. या हाज्जाने माझी वायर ओढली. पुढे काय झालं हो त्या बाईचं?”

बतूलचे ओठ हलले. तिला म्हणायचं होतं, मला माहीत नाही. आवाज उरलाच नव्हता.

सगळ्या थांबल्या होत्या. ज्या चढल्या होत्या त्या डब्याच्या दारातून वाकल्या होत्या. अकरा माना किंचित कललेल्या. आधी बतूलला वाटलं त्या आपल्याकडे बघतायत. मग लक्षात आलं, नजरा तिच्या डाव्या खांद्यावरून मागे जात होत्या, मागे एखादी बाई उभी असेल तर तिचा चेहरा जिथे येईल तिथे. कुणाच्याही कानात काही नव्हतं.

बतूल वळली नाही.

बराच वेळ गेला. एखादी गोष्ट नीट सांगून पुरी करायला लागतो तेवढा. एकीने तोंडावर हात ठेवला. दारातली दुसरी हलकेच “अरेरे” म्हणाली.

“आणि जवळ कुणीच नव्हतं?” झुबिदा उस्तादांनी त्या जागेला विचारलं.

उत्तर ऐकून त्यांनी मान डोलावली.

“कधीची गोष्ट म्हणायची ही?”

पुन्हा त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, फलाटावरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा थेट बतूलच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे भरून आले होते त्यांचे. दोन्ही हातांनी त्यांनी बतूलचा चेहरा धरला, तिच्या कपाळावर ओठ टेकले, आणि त्या गाडीत चढल्या.

“काय झालं?” हाज्जा तामू विचारत होती. बायका तिला हाताला धरून डब्यात घेत होत्या. “अगं, रडताय कशाला सगळ्या? मला कुणी सांगाल का?”